लाइटीचा खांब

पुणे, २८ मे

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

अक्षरं मुद्दाम मोठी छापून घेतली आहेत, तरी बाबांनी स्वतः वाचायचा हट्ट धरू नये. आईनेही नाही. वहिनीला वाचायला सांगा, तिचा आवाज खणखणीत आहे.

फोनवर सांगायचं ते पत्रात लिहितेय. फोनवर बाबा "बरंय, चाललंय, घे तुझ्या आईशी बोल" म्हणतात आणि आई म्हणते, "त्यांनाच विचार." मागच्या रविवारी मात्र मी दोघांनाही बोलू दिलं नाही, एकटीच सुटले. "म्हणून सांगत होते पुण्याला या, मोतीबिंदू मशीनने काढू, फेको करू. फुकटातल्या ऑपरेशनचं असंच होतं." हे मी म्हणाले. बाबांनी नुसतं "हं" केलं आणि फोन आईकडे दिला. ते "हं" चार दिवस माझ्या कानात आहे.

बाबा, मी चुकले. बापाला असं बोलू नये हे तर आहेच. पण जे बोलले ते खरंही नव्हतं, आणि ज्या मुलीचं पोट डोळ्यांच्या दवाखान्यात भरतं तिला ते कळायला हवं होतं.

आईने खांबाची गोष्ट सांगितली नसती तर हे सगळं आणखी महिनाभर झाकून राहिलं असतं. पाडव्यानंतर लातूरला बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पहिले चार-पाच आठवडे बाबा काय खुशीत होते! ओट्यावर बसून रस्त्यावरच्या एसटीच्या पाट्या वाचायच्या. परळी–लातूर, अंबाजोगाई–अहमदपूर, कोणती गाडी किती मिनिटं लेट, सगळं. एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला आणखी काय हवं? मग केव्हातरी पाट्या वाचणं बंद झालं. आईने विचारलं तर म्हणे, "ऊन लई हाय, डोळे दिपायलेत." पुढे वळवाचा पाऊस येऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी समोरचा लाइटीचा खांब वाकला म्हणून यांनी वायरमनला बोलावणं धाडलं. तो बिचारा मोटारसायकलवर आला, खांबाकडे बघितलं, हात लावून बघितला आणि म्हणाला, "मास्तर, खांब तर ताठ हाय की." त्यावर बाबा, "अरे मधीच बाक आलाय, दिसंना का तुला?"

आई हे सांगताना हसत होती. मला हसू आलं नाही. आमच्याकडे एखादा पेशंट म्हणाला, की सरळ रेघ मध्येच वाकडी दिसते, तर त्याला रांगेतून उठवून आधी मशीनवर घेतात.

लातूरला दाखवल्यावर दादाने तपासणीच्या कागदाचा फोटो पाठवला तेव्हा मी बसमध्ये होते. डोळ्याच्या पडद्याचे असे फोटो मी दिवसाला पंचवीस-तीस काढते. माणसाची हनुवटी पट्टीवर टेकवायची, ठिपक्याकडे बघा म्हणायचं, पापणी मिटू नका म्हणायचं, झालं. वर बाबांचं नाव छापलेला मात्र हा पहिलाच. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक खळगा असतो. सुईचं नेढं, पेपरातलं बारीक अक्षर, समोरच्याचा चेहरा, हे सगळं त्या एवढ्याशा जागेच्या जिवावर दिसतं. तिथे पडद्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे अडीचशे मायक्रॉन. बाबांच्या फोटोत खळगा नव्हताच. त्या जागी टेकाड होतं, टेकाडाच्या पोटात काळे काळे फुगे, आणि बाजूला आकडा ४६०. आई, तव्यावर भाकरी फुगते, पापुद्रा सुटतो आणि आत वाफ धरते ना, तसं. इथे वाफेच्या जागी पाणी आहे. हीच पडद्याची सूज.

हे पाणी येतं कुठून? बाबा, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. डोळ्याला चीर दिली, आत हत्यार फिरलं, की शरीराच्या लेखी ती जखमच. जखम झाली की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. ती पुढच्या भागात तयार होतात आणि झिरपत मागे पडद्यापर्यंत पोचतात. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती एरवी चांगल्या घट्ट असतात, त्या जरा सैल पडतात आणि पाझर सुटतो. सुटलेलं पाणी मधल्या जागी साठतं, आणि आपलं ओढ्याकडचं काळं रान पावसाळ्यात चिबडतं तसं ती जागा चिबडते. पीक मरत नाही, पण पिवळं पडतं. दिसणं धुरकट होतं, रंग विटल्यासारखे होतात, रेघा वाकतात.

या सगळ्याला वेळ लागतो. साधारण चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. म्हणून आधी चांगलं दिसलं आणि मग गेलं. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, त्यामुळे संशय येत नाही. तेव्हा बाबा, तुम्ही डोक्यावरून अंघोळ केली म्हणून हे झालं नाही, पारायणाला रात्री जागलात म्हणून नाही, आणि आई म्हणते तसं वांगं खाल्लं म्हणूनही नाही. आमरसाचं मी काही बोलत नाही, ते पुढे येतंय.

आता ऑपरेशनचं. मी फोनवर जे बरळले त्यात एक जुना खरा धागा आहे, तो आधी सांगते. पद्धतीप्रमाणे सूज कमी-जास्त होते. आबांचं आठवा. शाळेत शिबिर लागलं होतं, वर्गातले बाक हलवून सतरंज्या टाकल्या होत्या, आणि आबा डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणे पडून होते, हे आईने मला कितीदा सांगितलंय. त्या काळी डोळ्यातलं भिंग त्याच्या पिशवीसकट आख्खं बाहेर काढायचे. त्यासाठी बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्धगोल चीर द्यावी लागायची, वर टाके. आत नवं भिंग नाही, म्हणून मग तो काचेच्या बुडाचा चष्मा. पिशवीच काढून टाकल्यावर डोळ्याच्या मागच्या भागातला दाट रस अडवायला काही उरत नाही. तो पुढे सरकतो, ओढाताण होते, आणि पडदा सुजतो. अमेरिकेत अर्व्हिन नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं. पुढे १९६६ मध्ये गास आणि नॉर्टन यांनी शिरेत रंग सोडून डोळ्याचे फोटो काढले, तेव्हा पाझर कुठून होतो ते दिसलं. फोटोत तो फुलाच्या पाकळ्यांसारखा दिसतो. त्या पद्धतीच्या ऑपरेशननंतर असे फोटो काढले, तर काही ठिकाणी निम्म्याहून अधिक डोळ्यांत पाझर सापडायचा. नजरेला जाणवेल इतका त्रास त्यातल्या थोड्यांनाच व्हायचा, पण व्हायचा. आबा म्हणायचे ना, "कडंचं दिसतंय, मधी धूर हाय"? घरात कोणी मनावर घेतलं नाही. म्हातारपण म्हणून सोडून दिलं.

पुढे पिशवी जागेवर ठेवून आतला मोतीबिंदू तेवढा काढायची पद्धत रुळली, चीर दहा-बारा मिलिमीटरची, टाके होतेच. मग बाबांचं झालं ते, बिनटाक्याचं. त्यात चीर सहा-सात मिलिमीटरची असते, पण सरळ आत जात नाही. बोगद्यासारखी तिरकी जाते, म्हणून आतल्या दाबाने आपली आपण मिटते. आणि फेको म्हणजे चीर अडीच-पावणेतीन मिलिमीटरची, त्यातून सुई घालायची, अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडायचा आणि ओढून घ्यायचा. हे चार्ल्स केल्मन नावाच्या डॉक्टरांनी १९६७ साली काढलं. दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, तिथलं दात साफ करायचं थरथरणारं यंत्र बघून सुचलं म्हणे. मला ही गोष्ट फार आवडते. आपण दाताच्या डॉक्टरकडे गेलो तर बिलच बघतो.

चीर लहान, आतली ओढाताण कमी, तर सूजही कमी, हा ढोबळ हिशेब बरोबर आहे. पण खरी मेख पिशवीत आहे. आबांची पिशवी गेली होती. बाबांच्या ऑपरेशनमध्ये ती राहते आणि फेकोतही राहते. आबांच्या ऑपरेशनपासून बाबांचं कोसभर लांब आहे, आणि बाबांच्या ऑपरेशनपासून फेको एका बांधावर. मशीनवर मोजलं तर काही अभ्यासांत बिनटाक्याच्या ऑपरेशननंतर पडदा फेकोपेक्षा किंचित जाड भरतो, हेही सांगते, लपवत नाही. पण त्या किंचितने बहुतेकांच्या नजरेत फरक पडत नाही. इथे पुण्यातच दोन्ही पद्धतींची चारशे डोळ्यांवर तुलना झाली होती, २००५ साली ती छापून आली. बिनचष्म्याचं फेकोवाल्यांना थोडं सरस दिसत होतं. चष्मा लावल्यावर सहा आठवड्यांनी दोन्हीकडे शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना चांगलं दिसत होतं. हल्ली लेझरनेही करतात, त्याचं बिल ऐकून लोकांना वाटतं की यात काही होणारच नाही. होतं. आमच्याकडे भारीतलं भारी भिंग बसवलेली माणसंसुद्धा दीड महिन्याने येऊन हेच सांगतात, फक्त खांबाऐवजी बाल्कनीचे गज वाकलेले असतात.

दादाने डिस्चार्ज कार्डाचाही फोटो पाठवला होता, तो मी नीट वाचला. मागची पिशवी शाबूत, भिंग पिशवीत बसवलेलं, कुठे काही फाटलेलं नाही. लातूरच्या त्या डॉक्टरांचा हात साफ आहे. आणि बाबांचा मोतीबिंदू पिकून चहासारखा तपकिरी झाला होता. असला दगड फेकोच्या सुईने फोडायचा तर मशीन फार वेळ चालवावं लागतं आणि त्याचा ताप बुबुळावरच्या काचेला होतो. त्यांनी बिनटाक्याचं केलं ते स्वस्त म्हणून नाही, त्या डोळ्याला तेच बरं होतं म्हणून.

तो इतका पिकला कसा, हेही लिहून टाकते. तीन वर्षांपूर्वी बाबा म्हणाले होते, डाव्या डोळ्याने कमी दिसायलंय. मी म्हणाले, दिवाळीत या. दिवाळीत माझी सुट्टी निघाली नाही. मग उन्हाळ्यात या म्हणाले, तेव्हा घर बदलायचं होतं. असं करत करत तीन वर्षं मी त्यांना पुण्याच्या नावाने थांबवून ठेवलं, आणि शेवटी ते कोणाला न विचारता दवाखान्याच्या गाडीत बसून लातूरला गेले. मला त्याचाच राग होता, हे आता लिहिताना कळतंय. सूज हे निमित्त झालं.

परवा आमच्याकडच्या पडद्याच्या डॉक्टर मॅडमना बाबांचा फोटो दाखवला. मला वाटलं विचारतील, कुठे केलं, कोणी केलं. त्यांनी विचारलं, "शुगर किती आहे?"

ब्रिटनमध्ये ८१,९८४ डोळ्यांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक अहवाल छापला होता, त्या तोच सांगत होत्या. डायबेटिस नसलेल्यांत शंभरात जेमतेम एकाला ही सूज आली, १.१७ टक्के. डायबेटिसवाल्यांत ४.०४. मागची पिशवी फाटली असेल तर धोका अडीचपटीच्या वर जातो, डोळ्याला आधी कधी आतून सूज येऊन गेली असेल तरी वाढतो. आणि तिकडे जवळजवळ सगळी ऑपरेशनं फेकोचीच होतात. म्हणजे बाबा पुण्याला आले असते तरी नऊ वर्षांची शुगर सोबत घेऊनच आले असते. शुगरने त्या बारीक रक्तवाहिन्या आधीच कमजोर झालेल्या असतात, ऑपरेशन हे वरून निमित्त होतं.

तर आमरस. आई, एक वाटी म्हणून सुरुवात होते आणि वाटी कोणती हे तू मला सांगू नकोस, मी ती वाटी बघितली आहे. तीन महिन्यांची सरासरी शुगर परत करून घ्या, कागद मला पाठवा.

थेंबांचं आता आईकडे. लातूरच्या डॉक्टरांनी दोन बाटल्या दिल्यात. एक नेपाफेनॅक, ती प्रोस्टाग्लँडिनलाच आळा घालते. दुसरी प्रेडनिसोलोन, स्टेरॉइड आहे. एक थेंब घातल्यावर दुसरा लगेच घालायचा नाही, दहा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. स्टेरॉइडने काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून प्रत्येक तपासणीला दाब मोजून घ्यायचा. त्यांनी नाही मोजला तर तुम्ही सांगा, "दाब बगा की जरा." आणि बरं वाटलं म्हणून बाटली मनाने बंद करायची नाही. ती हळूहळू कमी करत आणायची असते, किती ते तेच सांगतील. बाबांनी मागच्या वेळी दहाव्या दिवशी बाटली देवळीत ठेवून दिली होती, हे मला वहिनीकडून कळलंय. वहिनीला बोलू नका.

बहुतेकांची सूज थेंबांनी तीन-चार महिन्यांत उतरते. नाही उतरली तर डोळ्याच्या बाजूला किंवा आत इंजेक्शन देतात. शुगरवाल्यांना ते कधी कधी लागतं. इंजेक्शन म्हटलं की बाबा पळतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते, भूल देऊन देतात, दोन मिनिटांचं काम असतं.

घरी एक करा. देवघराशेजारी भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्या चौकटी सरळ आहेत. रोज सकाळी चहानंतर, जवळचा चष्मा लावून, बाबांनी उजवा डोळा तळहाताने झाकून त्या दिवसाच्या चौकटीकडे बघायचं. बाजूच्या रेघा वाकल्या तर त्या तारखेवर फुली, सरळ दिसल्या तर टिंब. फुल्या वाढल्या तर दहा तारखेच्या तपासणीची वाट न बघता लातूर. तिकिटांचा हिशेब एक पैसा न चुकवता दिलेल्या माणसाला हे जड नाही.

दादा म्हणतोय की दवाखान्यात जाऊन भांडणार. त्याला थांबवा. ज्यांनी फोटो काढून सूज पकडली आणि थेंब बरोबर दिले त्यांच्याशी काय भांडायचं? भांडायचंच असेल तर मला फोन कर म्हणावं.

आणि आई, आता तुझं. तू म्हणालीस, "एकाचं बगितलं, पुरे." तू तांदूळ बोटांनी चाचपून निवडतेस हे मला दिवाळीत दिसलं होतं. वाकळ शिवायला घेतलीस आणि सुई ओवायला चिमीला हाक मारलीस तेही दिसलं. तुला शुगर नाही. बीपी आहे ते गोळीने आटोक्यात आहे. बाबांचा जो धोका होता तो तुझा नाही. पावसाळा सरला की त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरांकडे तुझं करून घेऊ. पुण्याचा विषय मी काढणार नाही. एवढंच करू, की ऑपरेशनच्या आधी पडद्याचा फोटो काढून घेऊ, म्हणजे पुढे काही झालं तर ताडून बघायला आधीचा कागद हाताशी राहील. सुट्टीचा अर्ज मी आजच देऊन ठेवला आहे. कारणाच्या जागी "आई" लिहिलंय.

दोघांनाही नमस्कार, वहिनीला आणि चिमीला आशीर्वाद. दादाला काही नाही, त्याला फोनवर सांगेन.

तुमची
ताई

ता. क. दहा तारखेच्या तपासणीला मी येतेय. नऊच्या रात्री इथून निघेन, पहाटे फाट्यावर उतरेन. बाबांनी अंधारात घ्यायला येऊ नये, दादाला पाठवा. तरी ते येणार हे मला माहीत आहे. मग निदान गाडी थांबली की उजवा डोळा झाकून पाटी वाचून बघा, मी खाली उतरायच्या आत.